गोगलगाईंच्या शिकारीचे बूट

मोशीला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना शेतं होती. आता एकच तुकडा उरलाय, आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली. त्याचा मालक जुन्या गावातला. बाकीची जमीन त्यानंच बिल्डरांना दिली, बंगला बांधला, मुलांना धंदे काढून दिले. हा तुकडा मात्र दोन म्हशींसाठी राखला. त्यात हत्तीगवत उभं असतं, माणूस आत गेला तर वरून दिसत नाही इतकं उंच. त्याची बायको रोज सकाळी विळा घेऊन येते आणि भारा बांधून नेते. घरासमोर दोन मोठ्या गाड्या उभ्या, आणि ही डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडतेय, याचं इथं कुणालाच नवल वाटत नाही.

वडील गेल्यावर आईला मी लातूरकडच्या आमच्या गावातून इथं आणलं. जमीन चुलतभावाला वाट्यानं लावून दिली होती. आई चौथ्या मजल्यावर राहायला लागली, म्हणजे बाल्कनीत उभी राहायला लागली. मी चाकणला एका कंपनीत असेंब्ली लाइनवर, नवरा दुसऱ्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये. आमच्या शिफ्टा कधी जुळायच्या, कधी नाही. घरात आई एकटी असायची. टीव्ही लावून द्यायचे, ती बंद करायची. संध्याकाळी विचारलं, "काय केलंस दिवसभर?" तर म्हणायची, "खालच्या रानात बाईनं आज डावीकडनं कापायला सुरुवात केली. उजवीकडचं जून झालंय, ते आधी काढायला पाहिजे होतं."

एक दिवस सेकंड शिफ्ट होती म्हणून मी सकाळी घरी होते. बाल्कनीत आई नाही. खाली बघते तर ही त्या प्लॉटच्या कडेला बसून गाजरगवत उपटतेय आणि मालक कमरेवर हात ठेवून तिच्यापुढं उभा. मी धावत खाली गेले.

"कोन वो तुमी?" तो विचारत होता.

"वरच्या इमारतीत असते. लेकीकडं," आई मान वर न करता म्हणाली. "हे गाजरगवत फुलावर आलंय. आता नाही काढलं तर पुढच्या साली सगळं रान तेच होईल."

"आनि मजुरी कोन देनार?"

"मागितली का मी?"

म्हातारा हसला. मग प्लॉटच्या ओढ्याकडच्या पट्ट्याकडं बोट करून म्हणाला, "त्यो तुकडा मोकळाच पडलाय. लावा काय लावायचं त्ये. इकायचं न्हाई मातुर. खा, वाटा."

त्या पावसाळ्यात आईनं तिथं भेंडी, गवार, दोडका, पालक, मिरची असं सगळं लावलं. आणि तिला खालच्या मातीत हात घालायला मिळाल्यापासून घरातल्या माझ्या कामांत चुका काढणं बरंच कमी झालं.

गोगलगाई आल्या त्या पाऊस लागून राहिल्यावर. ती मोठी, शंखासारखं कवच पाठीवर घेऊन फिरणारी जात. गावाकडं सोयाबीनची कोवळी रोपं एका रात्रीत खाऊन टाकताना आईनं तिला पाहिलं होतं, त्यामुळं पालकाच्या वाफ्यात पहिली चिकट, चमकती ओळ दिसताच ती ओळखून चुकली. तिचे उपायही गावाकडचेच. संध्याकाळी गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांच्या मध्ये पसरायची. गुळाच्या वासानं आणि ओलाव्यानं गोगलगाई खाली गोळा होतात. उजाडल्यावर एकेक गोणपाट उचलायचं आणि हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मग कडेच्या गवतात, दगडांखाली, बांधाच्या सांदीत उरलेल्या शोधायच्या.

"मामी शिकारीला गेल्या का?" नवरा सकाळी चहा पिताना विचारायचा. आईला ते आवडायचं. वर आल्यावर ती बादलीचा हिशोब शिकाऱ्याच्याच थाटात सांगायची, आज एवढी मोठी होती, हातात मावेना.

हे सगळं ती अनवाणी करायची. चपला प्लॉटच्या कडेला दगडावर काढून ठेवायची, देवळाबाहेर ठेवतात तशा.

श्रावणातली गोष्ट. मी भाजी फोडणीला टाकली होती आणि खालून आरडाओरड ऐकू आली. आईचा आवाज ओळखून मी गॅस बंद केला आणि पायऱ्यांवरून पळाले. हत्तीगवताच्या तोंडाशी मालकीणबाई बसल्या होत्या, विळा बाजूला पडलेला, दोन्ही हातांनी उजवा घोटा धरलेला. घोट्याच्या वर दोन ठिपके, त्यांतून रक्त येत होतं, आणि भोवतालचा पाय माझ्या डोळ्यांदेखत सुजत होता. मालक काठी घेऊन गवतात शिरत होता.

"घोणस व्हती," बाई म्हणाल्या. "शिटी मारल्यावानी आवाज झाला. मला वाटलं कुकर कुनाचा."

मालक आतून ओरडला, "सोडत न्हाई तिला!"

आईनं त्याला असा आवाज दिला की तो थांबलाच. "साप ऱ्हाऊ द्या हो! गाडी काढा आधी!"

बाई उठायला लागल्या तर आईनं खांदे दाबून त्यांना बसवलं. "चालायचं नाही. एक पाऊल टाकायचं नाही." कुणीतरी पदर फाडून पाय आवळायला निघालं, तेही आईनं करू दिलं नाही. पायातलं जोडवं आणि पैंजण मात्र तिनं स्वतः काढले, सूज वर चढायच्या आत. आमच्या गावात साप चावलेली माणसं तिनं पाहिली होती, काही वाचलेली, काही नाही, आणि त्यातून तिला एवढं कळलं होतं की दवाखान्याशिवाय इलाज नाही. मालकाच्या मुलाची मोठी गाडी आली. मागच्या सीटवर बाईंचं डोकं आईच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. रस्त्यात ट्रेलर आडवा लागला तेव्हा मालक काचेतून हात बाहेर काढून रडत शिव्या देत होता.

बाई वाचल्या. पण ते सोपं नव्हतं. हिरड्यांतून रक्त आलं, लघवी थांबली, किडनीसाठी मशिनवर ठेवावं लागलं. आई रोज डबा घेऊन जायची. घरी आल्या तेव्हा श्रावण संपून गेला होता, आणि त्यांचा उजवा पाय डाव्यासारखा कधीच झाला नाही.

मला आठवतं ते साप चावल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. मी उठून बघते तर आई बादली घेऊन दारात.

"कुठं निघालीस?"

"गोगलगाई थांबायल्यात का कुणासाठी?"

"आई, काल काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं म्हणूनच बघून पाय टाकीन."

"अनवाणी?"

मी दार लावून पुढं उभी राहिले. तेव्हा मी म्हणाले की बूट आणेपर्यंत खाली जायचं नाही, आणि आई म्हणाली की जन्म गेला रानात, आता बूट? पण दारातून मी हलले नाही आणि तिनं बादली खाली ठेवली.

नवऱ्यानं फोनवर शोधलं. सापापासून वाचवणारे बूट म्हणून जे काही समोर आलं ते सगळं परदेशातल्या शिकाऱ्यांचं. गुडघ्यापर्यंत चामड्याचे बूट, आणि ते घातलेले दणकट गोरे पुरुष, हातात बंदूक, पायाशी कुत्रा. आई चष्मा लावून बघत होती.

"हे काय मारतेत?"

"हरणं, रानडुकरं," नवरा म्हणाला.

"आन् मी गोगलगाई." तिला हसू आवरेना. मग किंमत ऐकून हसू आवरलं. नवऱ्यानं फोन पालथा ठेवला. शिवाय ते सगळे पुरुषांच्या मापाचे होते, आणि आईचं पाऊल म्हणजे शाळेतल्या पोरीएवढं.

तेव्हा पहिल्यांदा नीट बसून विचार केला की आपल्याला नक्की काय पाहिजे. बाईंना घोट्याच्या वर चावलं होतं, म्हणजे बूट पोटरी झाकणारा हवा. जाड हवा, पण आईला ओढून घालता आणि काढता आला पाहिजे, कारण नाडीच्या भानगडीत ती पडणार नाही. चिखलातून पाय उचलताना जड वाटता कामा नये. पावसाळाभर रोज भिजून निदान दोन-तीन वर्षं टिकला पाहिजे. पायाला घट्ट बसणारा नको, थोडा सैल हवा, म्हणजे दात आत शिरलाच तर लगेच कातडीला लागणार नाही. हे शेवटचं नवऱ्याला त्याच्या ओळखीच्या एका सर्पमित्रानं सांगितलं होतं. आणि हे सगळं आम्हाला परवडेल अशा भावात.

रविवारी आईला घेऊन चाकण रस्त्यावरच्या एका दुकानात गेले. बाहेर दोरीला हेल्मेट, पिवळी जाकिटं, हातमोजे लटकत होते. गमबुटांचा ढीग होता. बहुतेक पुरुषांचे. सगळ्यांत लहान जोड काढून दुकानदारानं समोर ठेवला. आईनं बूट हातात घेतला, वाकवून बघितला, आत हात घालून बघितला. मग पदराच्या गाठीतून दाभण काढलं. पोती शिवायचं, बोटाएवढं लांब दाभण. ती ते घरून घेऊन आली होती हे मला माहीतच नव्हतं. आणि दुकानदार काही म्हणायच्या आत तिनं ते बुटाच्या पोटरीत खुपसलं. आरपार.

"अहो मावशी! माल खराब करताय का?" तो उठूनच उभा राहिला.

"बघ," आई मला म्हणाली, जणू तो तिथं नव्हताच. "लोण्यात गेल्यावानी गेलं."

"मावशी, हा पाण्यासाठी असतो. दाभणासाठी नसतो."

"सापाचे दात काय दाभणाहून बोथट असतेत?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी भोक पडलेल्या जोडीचे पैसे दिले. ती जोडी आमच्या बाथरूममध्ये अजून आहे, टाकी धुताना नवरा घालतो. परतताना रिक्षात मी आईवर चिडले होते आणि हसूही येत होतं. तिला मात्र कसलीच लाज नव्हती. "भांडं घेताना वाजवून घेतेत," ती म्हणाली, "मग हे?"

त्या आठवड्यात लाइनवर उभी असताना माझं लक्ष माझ्याच पायांकडं गेलं. काळे सेफ्टी शूज, पुढं लोखंडी टोपी. आमच्या लाइनवर सगळ्या मुली. पहिल्या दिवशी आम्हाला बूट दिले तेव्हा बायकांचं माप मिळत नव्हतं, पुरुषांच्या बुटात कागद कोंबून काढलेले दिवस मला आठवतात. मग मुलींच्या लाइनी वाढल्या तशी मापं आली. बुटाशिवाय गेटवरून आत सोडत नाहीत. सुपरवायझर आधी पाय बघतो, मग तोंड. मला वाटलं, माझ्या पायावर नट पडू नये म्हणून एवढी माणसं काळजी करतात. कायदा आहे, फलक आहे, गेटवर माणूस आहे. आणि आई साठ वर्षांच्या वर रानात चालली, विंचवाच्या, सापाच्या, काट्याच्या रानात, तिच्या पायाला कुणी विचारलं? वडिलांकडं गमबूट होते. पाणी द्यायला जाताना ते घालायचे. घरात एकच जोड होता आणि तो त्यांच्या मापाचा होता. आम्हा मुलांना त्यात काही चुकीचं दिसलं नाही, आईलाही नाही. घरात तसा विषयच कधी निघाला नाही.

कंपनीच्या स्टोअरमधल्या माणसाला मी विचारलं की बायकांचे बूट येतात कुठून. त्यानं चाकणातल्या एका दुकानाचा पत्ता दिला, चौकातून आत, गोडावनांच्या गल्लीत. पुढच्या सुट्टीला आम्ही दोघी गेलो. मी आधीच बजावलं, "दाभण काढायचं नाही."

दुकान एक बाई चालवत होती, माझ्याच वयाची, बोलण्यात कोकणी हेल. तिला मी सरळ सांगितलं, सापासाठी पाहिजेत, आईसाठी, रानात वापरायला. ती हसली नाही. आतून एक खोका घेऊन आली. त्यात पांढरेशुभ्र गमबूट.

"दूध-चिकनवाल्या कंपन्यांत बायकांना हे लागतात. एका ऑर्डरीतले उरलेत. लहान मापं आहेत म्हणून कोण घेत नाही." तिनं बूट आईच्या हातात दिला. "आतून कापडाचं अस्तर आहे. तेला-पाण्यानं कडक होत नाही, तडकत नाही."

आईनं बूट दाबून बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. तिनं दाभण काढलंच. दुकानदारीण चकित झाली, पण तिनं ड्रॉवरमधून फाटक्या बुटाचा एक तुकडा काढून दिला. "ह्याच्यावर टोचा, काकी. हाच माल आहे."

आईनं तुकडा काउंटरवर ठेवून सगळा जोर लावला. दाभण अर्ध्यात अडकलं. टोक अस्तरापर्यंत आलं, पण पलीकडं निघालं नाही.

"म्हणजे चालेल?" मी विचारलं.

"चालेल असं मी लिहून देणार नाही," ती म्हणाली. "हे सापासाठी बनवलेले नाहीत. पण आत हे घाला." तिनं एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून चामड्याचे पोटरीपट्टे काढले. प्रेस शॉपमध्ये पत्र्याची धार लागू नये म्हणून पायाला बांधतात तसे. नवरा तेच रोज बांधतो, आणि आमच्या दोघांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. पट्टा बांधून वर बूट चढवला तरी आईच्या बारीक पोटरीभोवती जागा उरत होती. आई दुकानात चालून बघायला लागली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, खाली पांढरे बूट. गल्लीतून जाणारा टेम्पोवाला वळून बघत गेला.

"पांढरे मळतील," ती म्हणाली.

"धुता येतात," दुकानदारीण म्हणाली.

"काळे नाहीत?"

"काळे मोठ्या मापाचे."

दोन्हींची किंमत मिळून त्या परदेशी बुटांच्या दहाव्या हिश्शाएवढीही झाली नाही एवढं सांगते. आईनं तेवढ्यातही थोडे कमी करून घेतले.

बूट आले म्हणून प्रश्न सुटला असं झालं नाही. पहिल्या आठवड्यात टाचांना फोड आले. मग जाड मोजे आणले. मोजे घालणं हीच तिच्यासाठी मोठी गोष्ट होती. घामानं पाय पांढरे पडतात, सुरकुततात, म्हणाली. आणि खरी तक्रार वेगळीच होती, ती तिनं एकदा भाकरी थापताना सांगितली.

"पायाला काही कळंना झालंय बाई. वाफा ओला किती, कुठं पाणी मुरलं, कुठं नाही, हे मला पायानं कळायचं. आता डोळ्यांनी बघावं लागतंय. आंधळ्यावानी चालायले मी."

तिचं खरंच काहीतरी गेलं होतं, आणि ते मी काढून घेतलं होतं, तिच्याच भल्यासाठी. शेवटी आमच्यात एक तडजोड झाली. गोणपाट उचलताना, गवतात, बांधाला बूट पाहिजेतच. उघड्या, निंदून साफ केलेल्या वाफ्यात ऊन वर आल्यावर हवं तर काढ. तिनं ते मानलं. मी शिफ्टला गेल्यावर किती पाळलं ते तिलाच ठाऊक. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. एकदा त्यातून टपकन गोगलगाय पडली. ती तिनं आपला फार अपमान झाल्यासारखं करत बादलीत टाकली.

भाद्रपद संपत आला होता. पाऊस उघडझाप करत होता. मला सुट्टी होती म्हणून मी आईबरोबर खाली गेले. उजाडून बराच वेळ झाला होता, कंपनीच्या बसा निघून गेल्या होत्या. आई पुढं, मी बादली घेऊन मागं. तिनं आता हातानं गोणपाट उचलणं सोडलं होतं. नवऱ्यानं जुन्या छत्रीच्या दांड्याला आकडा करून दिला होता, त्यानं ती लांबून ओढायची. दोन गोणपाटं झाली. तिसरं दोडक्याच्या मांडवाखाली होतं. तिनं आकडा लावला, ओढलं, आणि तो आवाज आला.

मालकीणबाई कुकरची शिटी म्हणाल्या होत्या. मला तो ट्रकचा एअर ब्रेक सुटावा तसा वाटला. लांबच लांब, थांबेचना. गोणपाटाखाली साप वेटोळं घालून बसला होता, अंगावर साखळीसारखे तपकिरी डाग. मी हलले नाही की ओरडले नाही, मला ते जमलंच नाही. आईनं मागं एक पाऊल घेतलं आणि तेवढ्यात तो सुटला. मला नीट दिसलंसुद्धा नाही. फक्त आवाज आला, ओल्या रबरावर चापट मारावी तसा. मग साप पुन्हा वेटोळ्यात आणि आई जागच्या जागी.

"आई!"

"गप ऱ्हा. हलू नको."

ती हळूहळू मागं सरकत आली, पाऊल न उचलता, घासत. माझ्याजवळ पोचल्यावर तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. आम्ही दोघी तशाच मागं मागं चालत बांधापर्यंत आलो आणि तिथं ती खाली बसली.

मालक म्हशींना पाणी पाजत होता, तो काठी घेऊन आलाच. आई त्याला म्हणाली, "नका मारू. पोराला फोन करा, तो पकडून नेणाऱ्याला बोलवील." त्याचा विश्वास बसेना. "तिनंच आमच्या मानसाला चावलं आसंल!" "असंल," आई म्हणाली. "मी तिच्यावरचं पांघरूण ओढलं. दुसरं काय करील ती?" सर्पमित्र आला, लांब पिशवीत घोणस घेऊन गेला. सोसायटीतली माणसं बाल्कन्यांमधून शूटिंग करत होती.

मी आईच्या पायातला बूट ओढून काढला. मग पोटरीपट्टा. मग मोजा. पाय कोरडा, सुरकुतलेला, एकही खूण नाही. बुटावर नडगीच्या जागी दोन बारीक ओरखडे होते आणि त्यांच्याखाली विषाची पिवळसर ओल. दात पलीकडं गेलेच नव्हते. किंवा चावा तिरका लागला असेल. बुटानं वाचवलं की नशिबानं, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. आई आपल्या पायाकडं कितीतरी वेळ बघत राहिली, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. मग तिनं नडगीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वाळलाय गं पाय माझा. कधी बघितलाच नाही."

त्या दिवशी ती परत खाली गेली नाही. संध्याकाळी मालकाच्या बंगल्यावर गेली, मीही गेले. मालकीणबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. आईनं सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, "ताई, तुम्हीपण बूट घ्या. तुम्ही आता परत कापायला जाल, मला माहितीय."

"न्हाई वो," बाई म्हणाल्या. "आमची जल्माची सवय. बूट घालून गवात कापल्यावर बाया हसतील."

"मला हसतेत. हसू द्या."

बाजूला त्यांचा मुलगा बसला होता. पायात जाड तळव्याचे, महागाचे बूट. तो म्हणाला, "आईला कशाला जायला पाहिजे गवताला? माणूस लावतो म्हणलंय मी."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. "मानूस लावशील त्याच्या पायात काय घालशील?" त्या म्हणाल्या. मग बाई माझ्याकडं वळल्या. "कुटं मिळत्यात त्ये?"

असं आम्ही तिघी त्या गोडावनांच्या गल्लीत गेलो, त्याच मोठ्या गाडीतून. मुलगा बाहेर थांबला. पैशाचा प्रश्न त्यांना नव्हताच, कधीच नव्हता, आणि तरी बाई आयुष्यात पहिल्यांदा स्टुलावर बसून पायात बूट घालून बघत होत्या. डावा बसला. उजवा चढेना. सूज जेवढी उतरायची तेवढी उतरली होती, आणि तो पाय तसाच राहिला होता, जाड, घोट्यापाशी कातडी काळपट. दुकानदारीण खाली बसली. तिनं दोन्ही पावलं हातात घेऊन माप बघितलं.

"दोन मापांचे लागतील," ती म्हणाली. "थांबा."

तिनं आतून मोठ्या मापाचा काळा जोड आणला, त्यातला उजवा काढला, आणि त्याहून थोड्या लहान मापाच्या काळ्या जोडातला डावा.

"आनि ऱ्हायलेल्याचं काय करशील गं?" बाईंनी विचारलं.

"असू दे. कुणाचा तरी डावा मोठा असेल."

बाई उभ्या राहिल्या. मुलाला दारातून हाक मारली नाही, आमच्याकडंही बघितलं नाही. आधी उजवा पाय टाकला, त्याच्यावर भार देऊन बघितला, मग डावा. दुकानाच्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेल्या आणि परत आल्या.

"जड हायेत," त्या म्हणाल्या.

"आठवडाभर जड लागतेत," आई म्हणाली, आणि मोजे बघायला दुसऱ्या कपाटाकडं गेली.